उपचारांची इच्छा कोणी निर्माण करायची?

नवरात्राचे नऊ दिवस निराहार राहणाऱ्या मुलीचे कौतुक नाशिकच्या कोणत्याही आळीत मोकळ्या मनाने होते. परंतु घट उठल्यावरही तिचा उपास सुटत नाही आणि अंगावरचे मांस झडत असताना ती आरशात स्वतःला स्थूलच पाहते, हे ध्यानी येण्यास त्याच घराला कित्येक महिने लागतात. मग तगादा सुरू होतो. आई रडते, वडील दटावतात, आजी शपथ घालते. डॉक्टरांपुढे मुलगी ‘मला काही झालेलं नाही’ एवढेच म्हणते आणि ‘रुग्णाची तयारी नाही’ असा शेरा मारून प्रकरण दाखल दफ्तर होते. माझे म्हणणे असे की, ही तयारी रुग्णाने घरून आणावयाची नसून ती निर्माण करणे हाच चिकित्सेचा पहिला भाग होय.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले, तेव्हा ते धडधाकट पुरुषही उदास व चिडखोर झाले, माणसे टाळू लागले आणि अहोरात्र अन्नाचाच विचार करू लागले. उपासमारच मनाला असे जखडीत असेल, तर मुलीला हट्टी म्हणणे हा उघड अन्याय आहे. शिवाय जिचे शिक्षण, पोशाख, विवाह सारे इतरांच्या मर्जीने ठरते, तिचा अंमल कित्येकदा केवळ आपल्या ताटावर उरतो. तो सोडावयास सांगणारा तिला शत्रूच वाटणार.

मद्यासक्तांसाठी विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली संवादपद्धती पुढे अशा आहारविकारांतही वापरली जाऊ लागली. तीत समुपदेशक वाद घालीत नाही. या आजाराने तुला काय दिले आणि तुझे काय हिरावले, हे तो जिज्ञासेने विचारतो, आणि बदलाचे कारण तिच्याच मुखातून येईपर्यंत धीर धरतो. केवळ एवढ्याने वजन वाढेल, असा दावा मी करणार नाही. किशोरवयीन मुलींसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झालेल्या पद्धतीत तर मुलीच्या इच्छेची वाट न पाहता जेवणाची सूत्रे आईबापांच्या हाती दिली जातात; तेथे धैर्य आणावे लागते ते आईबापांमध्ये. नाडी मंदावली किंवा वारंवार ओकाऱ्यांनी रक्तातील पोटॅशियम घटले, तर मात्र एक दिवसही दवडू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा निकडीच्या प्रसंगासाठी साहाय्याने दाखल करण्याची तरतूद ठेवली आहे.

पाळी चुकली, केस गळू लागले, म्हणून घरची माणसे प्रथम जातात ती मानसोपचारतज्ज्ञाकडे नव्हे, गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. तेव्हा हा संवाद त्यांनाही यायला हवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकमध्येच स्थापन झाले, आणि राज्यभरच्या वैद्यक व परिचर्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा तेच घेते. त्याने या संवादाचा अभ्यास प्रात्यक्षिकांत सक्तीचा करावा, आणि रुग्णाच्या नकारापुढे विद्यार्थी कसा बोलतो, यालाही गुण ठेवावेत.