‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी

सातारा-सांगलीकडे मूल वेळेवर बोललं नाही, तर घरात उत्तरं तयार असतात. बापही उशिराच बोलला होता, मुलगे जरा मागेच असतात, जीभ जड आहे, बालवाडीत गेला की बोलेल. काही मुलांच्या बाबतीत यातलं एखादं उत्तर खरंही ठरतं, म्हणून तर ती टिकून आहेत. पण स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, पहिली लक्षणं बोलण्याच्याही आधीची असतात आणि घर मात्र शब्दांची वाट बघत राहतं. शंका आली की निदानाचा कागद हातात पडेपर्यंत न थांबता मदत सुरू व्हावी आणि तिची सुरुवात गावातल्या अंगणवाडीतून व्हावी, असं माझं म्हणणं आहे.

बोट दाखवणंच घ्या. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल हवी ती वस्तू बोटाने मागतं. दीड वर्षाच्या आसपास ते नुसतं दाखवण्यासाठीही बोट करतं: रस्त्याने उसाची ट्रॉली गेली की बोट तिकडे आणि नजर आईकडे, तिनेही पाहिलं का हे बघायला. हे दुसरं बोट दिसत नसेल आणि मूल मोठ्या माणसाचा हात धरून, तोंडाकडे न बघताच, त्याला बिस्किटाच्या डब्यापाशी ओढत नेत असेल, तर ते नोंदवून ठेवावं. वर्षाचं होऊनही नावाने मारलेल्या हाकेला न वळणं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द स्वतःहून न जोडणं, याही खुणाच. आलेले शब्द हरवले तर वय कोणतंही असो, लगेच डॉक्टर गाठावा. एकट्या खुणेवरून ऑटिझम ठरत नाही. हाकेला न वळणाऱ्या मुलाची आधी श्रवणचाचणी व्हायला हवी. भांडं पडलं की दचकतो म्हणजे ऐकू येतं, हा घरगुती निष्कर्ष पुरेसा नाही.

जत तालुक्यात घरी कन्नड आणि अंगणवाडीत मराठी असेल, किंवा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी विटा-आटपाडीचं कुटुंब दूरच्या राज्यात गेलं असेल, तर मूल न बोलण्याचा दोष दोन भाषांवर ढकलला जातो. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि घरची भाषा बंद केल्याने मुलाचा फायदाही होत नाही. दुसरा दोष मोबाइलला दिला जातो. तो कमी करावा हे बरोबरच. पण तो काढून घेऊन सहा महिने नुसतं बघत बसणं हा काही उपाय नव्हे.

इतक्या लहानपणी मुलावर शिक्का कशाला, हा आक्षेप मी हलका मानत नाही. लग्नकार्यातली कुजबुज, शाळेतला प्रवेश, भावंडांच्या सोयरिकी, सगळं त्यात येतं. पण मुलाशी त्याच्या कलाने खेळणं, त्याची नजर जाईल त्या वस्तूबद्दल थोडक्यात बोलणं, हे करायला शिक्का लागतच नाही आणि मूल पुढे आपोआप बोलू लागलं तरी त्यात काही गमावलेलं नसतं. दुसरा आक्षेप तज्ज्ञांच्या तुटवड्याचा. त्याचं उत्तर शेजारच्या गोव्यातूनच मिळालं. गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिने पालकांना मार्गदर्शन केलं. पालक मुलाच्या कलाने जास्त वागू लागले आणि मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. ऑटिझम त्याने नाहीसा झाला नाही. तसा दावा कुणी केलाही नाही. तो दावा मूलपेशींची महागडी इंजेक्शनं विकणारे करतात, आणि त्यासाठी शेत गहाण टाकायला तयार झालेल्या बापाला गावातच कुणीतरी अडवायला हवं.

सरकारी व्यवस्था कागदावर तरी आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऑटिझमचा समावेश आहे, अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. पण तपासणीला येणारं पथक मुलाला काही मिनिटंच बघतं. अंगणवाडी सेविका तीन वर्षांखालच्या मुलांचं वजन दर महिन्याला करते. वजनाच्या त्या नोंदवहीत ‘हाकेला वळतो का’ आणि ‘दाखवायला बोट करतो का’ हे दोन रकाने दोन्ही जिल्हा परिषदांनी वाढवावेत आणि सेविकांना त्याचं प्रशिक्षण, शिवाय वाढीव कामाचं मानधन द्यावं. हंगामात साखर कारखान्यांच्या तळांवर उतरणाऱ्या ऊसतोड कामगारांची मुलंही त्यात धरावीत. पथक त्यांच्या गावी पोहोचतं तेव्हा ती अनेकदा इथे तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असतात.