बदलाला विरोध, की परस्पर काढलेल्या हुकमाला?

१/ कचेरीत नवी कार्यपद्धती आली आणि कर्मचारी कुरकुरले, की वरिष्ठांचे ठरलेले वाक्य येते : लोकांना बदल नकोच असतो. या सोयीस्कर समजुतीची किंमत मुंबईने १९२८ साली मोजली आहे. ती कथा येथे मांडतो.

२/ पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली होती आणि जपानी मालाची स्पर्धा वाढत होती. गिरणीमालकांना खर्च आवरणे भाग होते, हे प्रथमच मान्य करू. त्यांनी काढलेल्या उपायाचे नाव होते ‘एफिशियन्सी’. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, कातणाऱ्याने एकीऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. ससून समूहाच्या गिरण्या यात पुढे होत्या.

३/ कागदावर हिशेब चोख होता. परंतु सूत कच्चे असले की धागा वारंवार तुटतो, आणि प्रत्येक वेळी साचा थांबवून तो जोडावा लागतो. विणकराची मजुरी तर विणलेल्या कापडावर. म्हणजे हलक्या कापसाचा भुर्दंड त्याच्याच पदरी. शिवाय सहा साच्यांना तीन माणसे लागत, तेथे आता दोन पुरणार. तिसऱ्याने जायचे कोठे?

४/ हे सारे कामगाराला समजावून सांगणारा कोण होता? जॉबर! भरती त्याच्या हाती, काढून टाकणे त्याच्या हाती, दस्तुरीही त्याचीच. मालक आणि मजूर यांच्यात बोलण्याची दुसरी वाटच नव्हती. जॉबरची ही सत्ता काढून घ्या, असे पुढे १९३१ मध्ये व्हिटली आयोगालाही सांगावे लागले.

५/ एप्रिल ते ऑक्टोबर १९२८. सुमारे दीड लाख कामगार बाहेर. मागण्या सतरा. तीन साच्यांची पद्धत बंद करा, ही त्यांतली एक. कामाच्या अटी यापुढे परस्पर बदलू नका, ही दुसरी. माझ्या मते सर्व मर्म त्या ‘परस्पर’ या शब्दात आहे.

६/ फॉसेट समितीने योजना तत्त्वतः गैर ठरवली नाही, असा आक्षेप येईल. खरे आहे. तिचा अहवाल मार्च १९२९ मध्ये आला, आणि एप्रिलमध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला. तत्त्व मान्य झाल्याने विश्वास निर्माण होत नाही.

७/ कामगारही निर्दोष नव्हते. कांडीचे सूत धोट्यातून तोंडाने ओढावे लागे. विटाळाच्या भयाने साचेखात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. तेथे बदल नाकारणारे कामगारच होते, आणि तो नकार निषेधार्हच होता.

८/ म्हणून विरोध दिसला की आधी त्याची जात ओळखावी. एक विरोध आपले वर्चस्व राखण्यासाठी असतो, दुसरा आपली भाकरी राखण्यासाठी. दोहोंना एकच नाव देणारा मनुष्य नेतृत्व करीत नाही. तो केवळ हुकूम सोडतो. तुमच्या कचेरीत तिसरा साचा कोणाच्या माथी आला, आणि त्याला आधी कोणी विचारले होते काय?