खोटा रुपया कोणाच्या खात्यावर?



दिवाळीच्या पूजेसाठी सासूबाईंच्या डब्यातले पाच राणीछाप रुपये काढले. सहज काट्यावर ठेवले. चार साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरले, पाचवा जेमतेम नऊ!

अस्सल राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. बारा भागांत अकरा भाग चांदी. झिजून थोडा हलका होतो, पण इतका नाही. नीट पाहिले तर कडेचे दाते बोथट होते आणि मधून जोडाची रेघ. म्हणजे साच्यात ओतलेला. राणीछाप रुपया चुंबकाला चिकटला तर खोटाच. पण चिकटला नाही म्हणून खरा ठरत नाही, कारण पितळही चिकटत नाही. आणि १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, १९४७ चा तर निकेलचा. त्यांना मात्र खोटे म्हणू नका.

घरात कोणीतरी म्हणाले, "आहेराच्या पाकिटात घालून टाका, कोण बघतंय?" मला ते पटले नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, म्हणजे खोटे खरे म्हणून खपवणे. सासूबाई फसल्या, तो तोटा झाला. मी पुढे खपवला तर तो दोष माझा. हिशेबातही आपला तोटा दुसऱ्याच्या खात्यावर टाकत नाहीत.

म्हणून तो रुपया 'खोटा' अशी चिठ्ठी लावून वेगळा ठेवला आणि सूनबाईला दाखवला. माझ्यामागे तिच्या हातून तो चुकूनही कोणाकडे जायला नको.