मार्चअखेर आणि साकुरा

मार्च लागला की मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात वर्षअखेरीची लगबग सुरू होते. मालाची मोजदाद, उधारीची वसुली, कर्जखात्यांचा ताळमेळ. फळबाजारात हापूसच्या पेट्या उतरू लागतात. अशा वेळी घरच्यांनी सहलीचा विषय काढला, तर ‘एप्रिल उलटू द्या’ हे उत्तर ठरलेले असते.

नेमक्या याच दिवसांत, मार्चअखेरीस व एप्रिलच्या आरंभी, जपानमधील ओकायामा शहरात साकुरा, म्हणजे चेरीचा फुलोरा, येतो. जपान सरकारचे आणि तेथील अनेक कंपन्यांचे आर्थिक वर्षही ३१ मार्चलाच संपते. तरीही ती माणसे फुलांसाठी वेळ काढतात. कचेरीतील एखादा नवा कर्मचारी लवकर जाऊन झाडाखाली जागा धरतो आणि सायंकाळी सारे सहकारी तेथे जमतात. ऐन बहर जेमतेम आठवडाभराचा. त्याला मुदतवाढ नाही.

ओकायामाचे कोराकुएन उद्यान सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ मध्ये करावयास घेतले. ते १७०० मध्ये पूर्ण झाले. १८८४ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बाँबफेक यांत त्याची मोठी हानी झाली. परंतु जुनी चित्रे व आराखडे जपलेले असल्याने ते पूर्ववत उभारता आले. नीट ठेवलेल्या दप्तराचे मोल व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको. नदीपलीकडे काळा किल्ला दिसतो. शहरातील किबित्सु देवस्थानाचे १४२५ चे लाकडी मंदिर आणि तेथील लांबच लांब छायापथही पाहण्यासारखा आहे.

जाणाऱ्यांनी आहाराची दक्षता घ्यावी. जपानी रश्श्यात व सूपमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो. भाज्यांचा दिसणारा पदार्थही विचारूनच घ्यावा. कोरडा शिधा सोबत असलेला बरा.

ज्यांना एवढा प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे-ओकायामा मैत्रीचे हे दहा एकरांचे उद्यान कोराकुएनच्याच धर्तीवर उभारलेले असून २००६ पासून खुले आहे. साकुराला लागणारी दीर्घ थंडी पुण्यात नाही. पण पाणी, पूल आणि हिरवळ तीच. यार्डापासून ते फार दूर नाही. वर्षअखेर दरवर्षी येते. मुलांचे लहानपण आणि आईवडिलांची चालती पावले मात्र पुढील वर्षाच्या खात्यात ओढता येत नाहीत.