पित्ताची बदनामी

मराठी घरात पित्ताइतके बदनाम दुसरे काही नसेल. डोके दुखले, पित्त. छातीत जळजळले, पित्त. चिरंजीव उलट बोलले की वडिलांचे पित्त खवळते, आणि भाऊबिजेपर्यंत चकल्यांचा डबा तळाला गेला की सबंध घरालाच पित्त होते. आयुर्वेदातले पित्त ही फार व्यापक कल्पना आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. पण घशाशी येणारे ते आंबट पाणी म्हणजे जठरातले आम्ल. खरे पित्त हिरवट-पिवळे आणि कडू असते. ते यकृतात तयार होते आणि पित्ताशयात साठते.

एक चकलीच घ्या ना! दाताखाली ती मोडली की लाळेतले विकर भाजणीतल्या पिष्टाचे तुकडे करू लागते. (एन्झाइमला 'विकर' हा शब्द आहे खरा, पण उत्तरपत्रिकांत तो हटकून 'विकार' होऊन येतो.) सुके पोहे बराच वेळ चावले तर गोडसर लागतात, ते या विकरामुळेच. पुढे जठरात आम्ल आणि पेप्सिन मिळून डाळींच्या प्रथिनांवर तुटून पडतात. तेल मात्र बहुतेक जसेच्या तसे खाली उतरते.

लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग हा या साऱ्या कारभाराचा नाका. तेल आल्याची वर्दी मिळताच पित्ताशय आकसते आणि पित्त खाली सोडते. पित्तात विकर एकही नाही! अभ्यंगाचे तेल साबणाने सुटावे, तसे ते तेलाचे बारीक बारीक थेंब करते. ते थेंब फोडणारे विकर येते स्वादुपिंडातून. एखाद्या मिठाईला शोभावे असे नाव असलेली ही ग्रंथी जठराच्या मागे निमूटपणे पडलेली असते. जठरातून आलेले आम्लही तिचाच क्षारयुक्त रस शमवतो.

पण आम्ल आले हे तिला कळते कसे? मज्जातंतूंमार्फत, असेच सारे समजत होते. 1902 साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडाला पाझर फुटला! निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याचे नाव सिक्रेटिन. संप्रेरकांची ओळख जगाला झाली ती अशी.

या ग्रंथीचा शहाणपणा आणखी एका गोष्टीत आहे. प्रथिने फोडणारी आपली विकरे ती निष्क्रिय स्थितीत पाठवते. आतड्यात पोचल्यावरच ती जागी होतात. वाटेत जागी झाली, तर ग्रंथीलाच खाऊ लागतील.

आमच्या मामांच्या बाबतीत नेमके हेच झाले. तळकट खाल्ले की उजव्या बरगडीखाली कळ यायची. मामा म्हणायचे, "पित्त झालंय," आणि सोडा घ्यायचे. वर्षभर हे चालले. मग एका रात्री कळ पाठीत शिरली, उलट्या थांबेनात. पित्ताशयातला एक खडा खाली सरकून, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र उघडते त्या तोंडाशीच अडकला होता. आत कोंडलेली विकरे जागी झाली होती. मामा वाचले, पण अकरा दिवस मामी इस्पितळाच्या बाकावर बसून होत्या.

म्हणून सांगतो, वरच्या पोटातली कळ थांबत नसेल, पाठीत जात असेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर सोड्याची बाटली बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठावा. छातीत दाब, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी वेदना असेल, तर सकाळची वाटही पाहू नये. 'गॅस' म्हणून उशीत डोके खुपसलेल्या माणसाचे ते हृदय असू शकते.

मामांचे पित्ताशय पुढे काढून टाकले. त्यावाचून फारसे अडत नाही. यकृत पित्त करतच राहते, फक्त ते साठत नाही, थेट आतड्यात झिरपत राहते. एका वेळी दोन चकल्यांना डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. परवा तिसरी खाऊन मामा सवयीने म्हणाले, "जरा पित्त झालंय गं."

मामींनी डब्याचे झाकण लावले. "आता ठेवता कुठे हो ते?"