सॉफ्टवेअरचीही धार काढून बघा



म्हैस घेताना आपण दोन्ही वेळची धार काढून बघतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी गवई तारा छेडून, जवारी कानाने पारखूनच पैसे मोजतो. मात्र गावच्या दूध संस्थेसाठी संगणकाचे सॉफ्टवेअर घ्यायचे झाले, की कारभारी मंडळी पडद्यावरची रंगीत चित्रे बघून होकार देतात. पुढे दहा दिवसांचे बिल चुकले, की भांडण सचिवाशी आणि नुकसान सभासदाच्या घरात. किराणा, मुलांची फी याच बिलावर चालते. म्हणून घरातल्या बायकांनीही ही बाब समजून घ्यावी.

दुकानात जाताना संस्थेची मागच्या दहा दिवसांची वही आणि संघाचे दरपत्रक बरोबर न्या. खुर्चीवर सचिवाने बसावे, विक्रेत्याने नव्हे. पाच सभासदांच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी घालाव्यात आणि निघालेले बिल वहीशी ताडून बघावे.

एसएनएफचा हिशोब विशेष तपासा. लॅक्टोमीटरच्या रीडिंगची चौथाई, फॅटची चौथाई आणि वर एक ठरावीक आकडा, अशी बेरीज पुष्कळ ठिकाणी करतात. समजा रीडिंग २९ आणि फॅट ३.५ आहे. वरचा आकडा ०.४४ धरला, तर एसएनएफ ८.५६५ येतो; ०.३५ धरला, तर ८.४७५. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ धरून ठरत असेल, तर एवढ्याशा फरकाने तेच दूध प्रतीच्या खाली जाते. आपला संघ जो आकडा धरतो, तोच सॉफ्टवेअरमध्ये हवा.

मग मुद्दाम चूक करून बघा. ८ लिटरच्या जागी ८० घातले, तर ते हटकते का? नोंद दुरुस्त केल्यावर जुना आकडा कुठे दिसतो का? दुकानदाराला सांगून मध्येच वीज बंद करा. आधीच्या नोंदी शाबूत राहिल्या पाहिजेत. ज्ञानेश्वर, कृष्णाबाई अशी जोडाक्षरांची नावे पावतीवर छापून बघा.

काही सॉफ्टवेअरची शिकाऊ प्रत फुकट मिळते. हिशोबाच्या ‘टॅली’ची अशी प्रत आहे, पण तीत महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात. हात बसवायला ती चांगली, बिल पारखायला अपुरी. म्हणून दुकानदाराकडे एका बिलापुरती पूर्ण प्रत मागा आणि ते दहा दिवस वहीही चालू ठेवा. कोणी चोरीची प्रत देऊ केली, तर घेऊ नका. जाणूनबुजून ती वापरणे कायद्याने गुन्हा आहे.

सौदा ठरला, की वार्षिक शुल्क किती, बिघाड झाल्यास माणूस किती दिवसांत येईल आणि संघाचा दर बदलल्यास तो आपल्याला भरता येईल का, हे पक्क्या पावतीवर लिहून घ्या.