ताठ कॉलरची किंमत

मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला की बाप कॉलर ताठ करून हिंडतो, असे आपण म्हणतो. शर्टाची ही कॉलर आपल्याकडे आली ती इंग्रजांबरोबर. त्याच इंग्रजांच्या देशात चारशे वर्षांपूर्वी कॉलर केवढी असावी, किती पदरी असावी आणि ती कोणी घालावी, यावर सरकारी हुकूम निघत होते. गळ्याभोवतीच्या त्या वीतभर कापडाची हकिकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सुरुवात अगदी साधी होती. सोळाव्या शतकात इंग्लंडातले स्त्री-पुरुष अंगालगत तागाच्या पांढऱ्या कापडाचा सदरा घालीत. वरचे कपडे लोकरीचे किंवा रेशमाचे असत. ते वरचेवर धुता येत नसत. म्हणून घाम आणि मळ झेलायचे काम आतल्या सदऱ्याचे. त्याचा गळा नाडीने आवळला की बारीक चुण्या पडत आणि त्या वरून डोकावत. या चुण्या हळूहळू वाढल्या, पुढे सदऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि त्यांची स्वतंत्र गोल गळपट्टी बनली. तिचे नाव रफ. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, म्हणजे 1558 ते 1603 या वर्षांत, रफ इतका पसरला की तबकात शिर ठेवावे तसे माणसाचे डोके त्यावर दिसू लागले.

पण झिरझिरीत कापड असे ताठ उभे राहील कसे? त्याला हवी खळ. जॉन स्टो याचे इंग्लंडचे इतिवृत्त पुढे एडमंड हाऊज याने वाढवले. त्यात लिहिले आहे की राणीसाठी तलम कापडाचे रफ तयार झाले, तेव्हा त्यांना खळ कशी द्यावी हे इंग्लंडात कोणालाच येत नव्हते. राणीच्या परदेशी गाडीवानाच्या बायकोला ती विद्या येत होती, तिला ते काम मिळाले. 1564 साली फ्लँडर्समधून डिंगेन व्हान डेन प्लासे नावाची बाई जिवाच्या भीतीने नवऱ्यासह लंडनला आली आणि तिने खळ देण्याचा धंदा उघडला. खानदानी घरच्या लेकी तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या. खळ देण्याचे शिक्षण चार-पाच पौंडांना आणि खळ शिजवण्याची रीत वीस शिलिंगांना! साध्या मजुराची ती कित्येक महिन्यांची मजुरी होती. परमुलखातून आलेल्या निर्वासित बाईने हातच्या कसबावर राजधानीत जम बसवला, ही गोष्ट आम्हाला राणीच्या रफापेक्षा मोठी वाटते.

कामही सोपे नव्हते. रफ धुवायचा, खळीत बुडवायचा, पिळायचा आणि ओलसर असताना सळईवर एकेक चुणी बसवायची. आधी या सळया लाकडाच्या किंवा हाडाच्या असत. 1574 च्या सुमारास पोलादाच्या, तापवून वापरायच्या सळया आल्या. पावसाची एक सर आली की सगळी मेहनत पाण्यात, रफ फडक्यासारखा लोंबायला लागे. मग पुन्हा पहिल्यापासून. फिलिप स्टब्ज या लेखकाने 1583 साली या फॅशनवर कडाडून टीका केली आणि खळीला सैतानाच्या पंक्तीला बसवले. मोठा रफ घातलेल्याला मान खाली घालता येत नसे आणि वाकून काम करता येत नसे. तेच तर दाखवायचे होते! ज्याला वाकावे लागत नाही तो मोठा.

मग हे मोठेपण वाटेल त्याला कसे घेऊ द्यायचे? म्हणून कायदे. 1562 साली दुहेरी रफावर बंदी आली. 1580 च्या सुमारास लंडनच्या वेशींवर वजनदार नागरिक उभे केले गेले, असे हाऊज सांगतो. वाराच्या सोळाव्या भागाहून, म्हणजे सव्वादोन इंचांहून, खोल रफ दिसला की त्यांनी तो कापायचा आणि वारभराहून लांब तलवारीचे टोक मोडायचे. 1582 साली लंडनच्या नगरसभेने शिकाऊ कारागिरांसाठी नियम केला: धन्याने दिलेलेच कपडे घालायचे, डोक्यावर लोकरीची टोपी आणि रफ फार तर दीड वार कापडाचा. दुसऱ्यांदा नियम मोडला तर जाहीर फटके. दरबारी माणसाच्या गळ्यात कितीतरी वार कापड शोभे, कारागिराच्या गळ्यात मात्र तो गुन्हा ठरे.

याहून कटू गोष्ट पुढेच आहे. खळ होत असे गव्हापासून आणि त्याच्या कोंड्यापासून. 1588 साली राणीने खळ करण्याचा मक्ता रिचर्ड यंग नावाच्या एकाच इसमाला दिला. 1594 पासून ओळीने चार वर्षे पिके बुडाली. धान्य महागले, गरिबांच्या पोटाला भाकर मिळेना, तेव्हा श्रीमंतांच्या गळ्यासाठी गहू शिजवावा काय, हा प्रश्न उभा राहिला. सरकारला खळीवर निर्बंध घालावे लागले. 1601 साली पार्लमेंटात मक्त्यांविरुद्ध गदारोळ झाला, तेव्हा राणीने जे मक्ते मागे घेतले त्यांत खळीचाही होता.

1604 साली, जेम्स राजाच्या अमदानीत, पार्लमेंटाने पोशाखाचे सगळे जुने कायदे रद्द केले. त्यानंतर कोणी काय घालावे हे कायद्यापेक्षा खिसा ठरवू लागला. रफही ओसरला. 1620 नंतर खांद्यांवर सपाट पडणारी कॉलर रुळली. श्रीमंतांची लेसची, साध्या माणसांची कोऱ्या कापडाची. 1660 नंतर गळ्याभोवती गुंडाळायचा क्रॅव्हॅट आला. आजच्या टायचा तोच पूर्वज.

एलिझाबेथ राणीचे चित्र मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात कधी दिसले, तर तिच्या गळ्याकडे बोट दाखवून मुलांना एवढे जरूर सांगा: ही कॉलर आपोआप ताठ राहिलेली नाही. तिच्यामागे सळई तापवणाऱ्या बायांचे भाजलेले हात आहेत आणि कोणाच्या तरी ताटातला गहू आहे. त्या हातांची नावे चित्राखाली कोणी लिहिली नाहीत. डिंगेनबाईंचे तेवढे राहिले.